आखाडाचं आमंत्रण

"रेठरेकर, एक विचारू? राग मानणार नसाल तर विचारते."

राग येईलच असा प्रश्न विचारायचा असला की माणसं अशीच सुरुवात करतात. फोनवर अनुराधाबाई चिटणवीस होत्या, पुण्याहून निघणाऱ्या 'मेणवात' दिवाळी अंकाच्या संपादक. दर वर्षी त्यांच्या अंकात माझा एक विनोदी लेख असायचा, शेवटच्या पानांत, केशतेलाच्या जाहिरातीशेजारी. जागा ठरलेली होती. तेलवाले बदलले, मी बदललो नाही.

"विचारा."

"तुम्ही गुडघेदुखीवर लेख पाठवलाय, तो तुमचाच आहे ना?"

"गुडघे माझे आहेत. लेखही माझाच असावा."

"तसं नाही हो. तो शब्द न् शब्द इंटरनेटवर आहे. 'धडक तालुका' नावाचं पोर्टल आहे तुमच्याच गावचं. तिथे तो अभयसिंह डांगे या नावावर आहे. फोटोसकट."

"मग त्यानं चोरलाय."

मग त्या म्हणाल्या, "तो म्हणतो, तुम्ही चोरलाय."

"तुम्ही त्याला विचारलंत?"

"नंबर होता तिथे. फार अदबीनं बोलला. म्हणाला, सर वयस्कर आहेत, जाऊ द्या, छापा त्यांच्या नावावर. माझी हरकत नाही."

माझ्या लेखाला माझं नाव द्यायला त्याची हरकत नव्हती. अनुराधाबाईंची मात्र होती. या वर्षी राहू दे म्हणाल्या, प्रकृतीला जपा म्हणाल्या, आणि फोन ठेवला. आवाजात जी काळजी होती ती दारुड्या नातेवाइकाबद्दल असते तशी होती.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी आयुष्यभर एसटीच्या डेपोत कारकून होतो आणि आठवड्यातून एकदा जिल्ह्याच्या दैनिकात 'तिरकी मान' हे सदर लिहीत होतो. मी डेपोतून निवृत्त झालो आणि पाठोपाठ दैनिकाने मला सदरातून निवृत्त केलं. माझ्या चौकटीत सोन्याचे भाव यायला लागले. वाचकांची एकही तक्रार आली नाही. मग मी इंटरनेटवर स्वतःचा ब्लॉग काढला. नाव 'वाळवण'. वाचक बेताचे: बडोद्याचे मेव्हणे, मस्कतला असलेला एक इंजिनियर आणि मी. त्यातले मेव्हणे नुसता अंगठा दाखवायचे.

फोन ठेवल्यावर मी 'धडक तालुका' उघडलं. पाडव्यापासून लिहिलेलं माझं सगळं लिखाण तिथे ओळीनं मांडलं होतं. प्रत्येकाखाली अभयसिंह डांगे, काळा गॉगल, मागे बुलेट. पोरगा पस्तिशीचा. 'सासष्टी ओलांडल्यावर माझे गुडघे माझ्याशी बोलू लागले' या माझ्या वाक्याखाली त्याचा तो फोटो होता, आणि त्याखाली तालुक्यातल्या शेकडो लोकांच्या प्रतिक्रिया. "दादा काळजी घ्या." "दादा, गुडघ्याला जपा, इलेक्शन जवळ आलंय." हा माणूस सासष्ट वर्षांचा कसा, असा प्रश्न एकालाही पडला नव्हता.

बायकोला बोलावून दाखवलं. तिचं नाव शालन, आणि त्या लेखात ते होतं. 'आमची शालन म्हणते, तेल लावा आणि गप्प पडा.' तिने चष्मा लावून दोनदा वाचलं.

"परक्या पोरानं मला बायको म्हटलंय," ती म्हणाली, "आणि तुम्हाला लेखाचं पडलंय."

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात गेलो. हवालदार सुपारी कातरत होते.

"काय चोरीला गेलं?"

"लेख."

"कुठं ठेवला होता?"

"इंटरनेटवर."

"आता तुमच्याकडं नाही?"

"आहे. माझ्याकडे आहेच."

हवालदारांनी अडकित्ता खाली ठेवला. "काका, वस्तू तुमच्याकडं हाय, आणि म्हणताय चोरीला गेली. उद्या येऊन म्हणशीला, बायको घरात हाय पण पळवून न्हेली."

तेही एका अर्थी झालंच होतं.

मग पोर्टलच्या कचेरीतच गेलो. मार्केट यार्डात खताच्या दुकानावर. पायऱ्या चढताना युरियाचा वास येत होता आणि माझे गुडघे माझ्याशी बोलत होते. मला पाहताच अभयसिंह फिरत्या खुर्चीतून उठला आणि माझ्या पाया पडला. आमच्याकडे माणसाला खड्ड्यात घालण्याआधी त्याच्या पाया पडतात.

"या सर, बसा. चहा सांगतो."

मी कधी कुणाला शिकवलेलं नाही. पण चष्मा आणि पेन्शन असलेल्या माणसाला आमच्या गावात सरच म्हणतात.

"डांगे, ते लेख माझे आहेत."

"आहेतच की सर."

मी भांडायची सगळी तयारी करून गेलो होतो. पहिल्याच वाक्याला तो कबूल झाल्यावर माझी पंचाईत झाली.

"मग खाली नाव तुझं का?"

"पोर्टल माझं हाय ना. तुमच्या झाडाचा आंबा माझ्या अंगणात पडला तर तो कुणाचा?"

"पडला नाही. तू झाडावर चढून पाटी भरून नेलीस."

"मी कुठं चढलो? सॉफ्टवेअर चढतंय." त्याने टेबलावरच्या कॉम्प्युटरवर थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारतात तशी. "तुमच्या ब्लॉगवर काय आलं की हे आपलं आपण उचलतंय, खालचं नाव बदलतंय, माझा फोटो चिकटवतंय आणि तालुक्यातल्या सगळ्या ग्रुपवर सोडतंय. नुसतं तुमचंच न्हाय, दहा ठिकाणचं उचलतंय. मी बघत पण नाही. आईशपथ सांगतो सर, तुमचा एकबी लेख मी वाचलेला नाही."

चोरीपेक्षा हे मला जास्त लागलं. "एकही नाही?"

"येळ कुठाय?"

"बरं. चोरतोस तर चोर. खाली माझं नाव टाक."

तो मनापासून हसला. "राग मानू नका सर, पण तुमचं नाव टाकल्यावर वाचणार कोण? तुमच्या त्या वाळवणावर किती पाखरं उतरतात, बघितलंय मी. माझ्या नावानं का होईना, घराघरात गेलं तुमचं लिखाण. खरं तर तुम्हीच मला पेढे द्यायला पाहिजेत."

"तू चोर आहेस."

हसू गेलं. गेलं म्हणजे दिवा घालवावा तसं गेलं.

"हे बघा. तालुक्यात कुणालाबी विचारा, हे लेख कुणाचे? दादांचे म्हणतील. उद्या तुम्ही उठून 'माझे' म्हणालात, तर लोक म्हणतील म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. पुण्याच्या बाईंना काय वाटलं ते कळलं न्हवं? चहा घ्या. गार व्हायलाय."

मी चहाला हात न लावता उठलो. आमच्या भागात याहून मोठा अपमान करता येत नाही. पण तो बघायला त्याला सवड नव्हती, तो फोनवर बोलत होता.

आता मला काय हवं होतं ते एकदा सांगून टाकतो. मला त्याच्याकडून भरपाई नको होती, माफीही नको होती. जन्मभर लिहून मी एवढंच कमावलं होतं, की लेख संपला की खाली माझं नाव यायचं. लेख वाईट असेल, पण चोरीचा आहे असं कुणी म्हटलं नव्हतं. आता अनुराधाबाई म्हणत होत्या. त्या डांग्यानं चार माणसांत एकदा तोंडानं म्हणावं, की हे सगळं रेठरेकरांचं आहे. बस्स. तेवढ्यासाठी मी काहीही करायला तयार होतो.

काय करायचं ते त्यानंच मला सांगितलं होतं. तो वाचत नव्हता.

आषाढाचा महिना होता. श्रावण लागला की आमच्याकडे महिनाभर मटण बंद, म्हणून त्याच्या आधी जो तो आखाड करतो. आदल्या रविवारी अख्खा तालुका बकऱ्याच्या मागे असतो आणि बकरी देवाचं नाव घेत असतात. शिवाय नगरपालिकेची निवडणूक दिवाळीनंतर होती. अशा वेळी आखाडाचं आमंत्रण कुणी खोटं समजत नाही.

बुधवारी सकाळी मी 'वाळवण'वर लिहिलं:

'मंडळी, श्रावण तोंडावर आला. येत्या रविवारी दुपारी नदीच्या रस्त्याला माझ्या मळ्यावर आखाड आहे. बकऱ्याचं मटण, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, ज्वारीची भाकरी. जात, पक्ष, वॉर्ड विचारला जाणार नाही. वेगळ्या आमंत्रणाची वाट बघू नका, हेच आमंत्रण. घरी म्हातारं माणूस असेल तर त्याच्यासाठी डबा आणा. माझ्या मळ्यावरून एक जरी माणूस उपाशी परत गेला, तर खाली लिहिलेलं नाव मी पुन्हा लावणार नाही.'

माझ्या मालकीच्या जमिनीत तुळस मावते. नदीच्या रस्त्याला मळा होता तो डांग्यांचा.

अंघोळ करून आलो तोवर आमंत्रण 'धडक तालुका'वर झळकलं होतं. गॉगल, बुलेट, सगळं जागच्या जागी. मी 'वाळवण'वरचं काढून टाकलं. संध्याकाळपर्यंत ते मी ज्या ज्या ग्रुपवर होतो तिथे मला परत आलं. शालनच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवरसुद्धा आलं, आणि माळकरी बायकांनी शाकाहारींची वेगळी सोय आहे का, अशी चौकशी केली.

शुक्रवारी त्याचा फोन आला. या वेळी फोनवरून पाया पडला नाही.

"सर, काय लिहिलंय हे?"

"कुठं?"

"आखाडाचं!"

"वाचलंस?" मी म्हणालो. "कसं वाटलं?"

"नाटकं करू नका. लोक सकाळपासून फोन करायल्यात. मुळाच्या वाडीचं भजन टेम्पो ठरवून बसलंय. तुम्हीच लिहिलंय हे!"

"माझ्या ब्लॉगवर तर काही नाही. तुझ्या पोर्टलवर आहे, तुझ्या नावानं आहे. तूच लिहिलं असशील. तालुक्यात कुणालाही विचार."

तो एक शिवी हासडून थांबला. ती इथे देत नाही, पण माझ्या वडिलांचा त्यात काही संबंध नव्हता.

"काढून टाकतो मी ते."

"काढ की. आणि खाली लिही, की हा लेख माझा नव्हता, अच्युत रेठरेकरांचा होता. आधीचेही सगळे त्यांचेच. मग रविवारी एक माणूस येणार नाही."

"ते या जन्मात होणार नाही."

"मग मसाला वाटायला घे."

मी फोन ठेवला. कितीतरी महिन्यांनी मला दुपारी झोप लागली.

रविवारी मी कपडे करत असताना शालन दारात उभी राहिली.

"बघायला चाललाय, का जेवायला?"

"बघायला. एक तर तो लोकांसमोर कबूल होईल, नाही तर तोंड लपवेल. दोन्ही बघण्यासारखंच."

"जाऊ नका. चोराच्या मळ्यात कशाला मरायला जायचं?"

"जाणार."

तिने आत जाऊन स्टीलचा डबा आणला आणि माझ्या हातात दिला. "मग निदान हा भरून आणा. लेखात त्याची बायको आहे मी."

नदीच्या रस्त्याला अर्ध्या वाटेतच मला स्कूटर ढकलावी लागली, एवढी गर्दी. टेम्पो, ट्रॅक्टर, सायकली. माणसांच्या हातात डबे, कॅन, किटल्या. एकाने तर घागर आणली होती. म्हाताऱ्या माणसांबद्दल एवढा जिव्हाळा मी आमच्या तालुक्यात पूर्वी पाहिला नव्हता. मळ्यात माणसं बांधावर, उसाच्या सरीत, विहिरीच्या काठावर, जागा मिळेल तिथे बसली होती. मात्र कुठे चूल दिसत नव्हती. धूर नव्हता. वासही नव्हता. आणि ही गोष्ट माझ्याआधी तिथल्या प्रत्येकाच्या लक्षात आली होती.

"आरं, मटण शिजतंय का उगवतंय अजून?"

"दादा, पंगत घाला! ऊन झालं!"

मळ्याच्या मध्यावर ट्रॅक्टरची ट्रॉली होती. तिच्यावर अभयसिंह उभा होता, हातात माईक. गॉगल नव्हता. गॉगलशिवाय तो बराच लहान दिसत होता. मी गर्दीच्या कडेला थांबलो, पण त्याने मला हेरलंच. मला वाटतं, तो माझीच वाट बघत होता.

"या सर, या! वाट द्या सरांना. अशी माणसं मागं उभी राहत्यात व्हय?"

लोकांनी मला जवळजवळ उचलून ट्रॉलीवर चढवलं. डबा माझ्या हातातच होता. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात घट्ट होता.

"मंडळी," तो माईकवर म्हणाला, "आज मी तुम्हांला एक खरं सांगणार हाय. मी लहान माणूस. शिक्षण बेताचं. तुम्ही माझ्या पोर्टलवर जे वाचता, 'दादा काय लिहितो, दादा काय लिहितो' म्हणता, ते मी लिहीत नाही. ते लिहितात हे आपले रेठरेकर सर. माझं नाव खाली असतं, पण अक्कल सरांची असते. आणि आजचं हे आखाडाचं आमंत्रण, ते पण सरांनीच लिहिलंय. सर, खरं का खोटं?"

आणि त्याने माईक माझ्या तोंडापुढे धरला.

जे मला हवं होतं ते हेच होतं. मला चार माणसांत हवं होतं, त्याने अख्ख्या तालुक्यासमोर म्हटलं. कर्ण्यातून म्हटलं. पलीकडच्या काठावरही ऐकू गेलं असेल. पुढचं तेव्हाच लक्षात यायला हवं होतं, पण मी माईककडे बघत होतो.

"खरं आहे," मी म्हणालो. आवाज चिरका आला, म्हणून माईक हातात घेतला. "हे लेख माझे आहेत. गुडघ्यांचा माझा आहे. एसटीतल्या उशिराचा माझा आहे. 'धडक तालुका'वर जे जे येतं, ते सगळं माझं आहे! या माणसानं मला न विचारता..."

"सर, जेवान कुठाय?" खालून कुणी तरी विचारलं.

"ते सांगतो. आधी ऐका. लेखकाच्या दृष्टीनं त्याचं नाव म्हणजे..."

"नाव ऱ्हाऊ दे! मटण कुठाय?"

"ह्यो कोन म्हातारा?"

"बलवनारा ह्योच हाय म्हनं. दादा न्हवं, ह्यानं बलिवलंय."

ती बातमी गर्दीतून मागे मागे जाताना मला दिसली. वाऱ्यानं जोंधळा हलावा तशी माणसं माझ्याकडे वळली. पुढच्या रांगेत एक धिप्पाड बाई होती, दोन नातवंडं काखेला आणि एक कॅन हातात. ती उठून उभी राहिली.

"का रं मुडद्या," ती म्हणाली, "लेकरं उपाशी ठिवून आणली मी. बलवून उपाशी घालवतोस व्हय?"

"बाई, हा मळा माझा नाही. तुम्ही समजून घ्या, हा एक उपहास..."

"काय हाय?"

"उपहास."

"त्यो खात्यात काय?"

कुणी तरी डबा वाजवायला सुरुवात केली. मग सगळ्यांनीच वाजवले. एक किटलीचं झाकण माझ्या कानाजवळून गेलं आणि ट्रॉलीच्या फळीवर आपटलं. ज्या लोकांनी माझ्या गुडघ्यांची एवढी काळजी केली होती, तेच लोक आता माझे गुडघे मोडायला ट्रॉलीवर चढत होते. त्यांतल्या कुणालाही कोणी काय लिहिलं याच्याशी घेणंदेणं नव्हतं. कोण जेवायला घालतंय, एवढाच प्रश्न होता, आणि खरं सांगायचं तर त्या उन्हात मलाही दुसरा प्रश्न सुचत नव्हता. मी अभयसिंहाकडे बघितलं. तो हाताची घडी घालून उभा होता. त्याने पुरेसा वेळ जाऊ दिला. भाकरी दोन्ही बाजूंनी भाजेपर्यंत सुगरण थांबते तेवढा.

मग त्याने माझ्या हातातून माईक अलगद काढून घेतला.

"ए! सरांच्या अंगाला हात लावायचा नाही!" सगळे थांबले. "म्हातारा माणूस हाय. लिहिण्याच्या भरात शब्द देऊन बसला. पेन्शनीवर जगणारा माणूस, एवढ्या लोकांना कुठनं जेवायला घालणार? पण शब्द माझ्या पोर्टलवरनं गेलाय. माझ्या मळ्याचं नाव घालून गेलाय. सरांचा शब्द हा अभयसिंह डांगे खाली पडू देणार नाही!"

त्याने हात वर केला. उसाच्या फडामागून, चुलत्याच्या वस्तीवरून, पहिला टेम्पो आला. त्यात पातेली होती. मागून दुसरा. वारा पलीकडचा होता म्हणून इतका वेळ वास आला नव्हता. आता वासही आला, आणि सगळा मळा एका आवाजात ओरडला, "अभयदादा, आगे बढो!"

मी त्याच्या कानाशी म्हणालो, "तू सकाळपासूनच शिजवत होतास."

"पहाटेपासनं," तो हसून म्हणाला. तोंड लोकांकडेच होतं. "मसाला वाटायला तुम्हीच सांगितला होता की."

मला ट्रॉलीवरच पाट मांडून बसवलं. त्याने स्वतः वाढलं, आग्रह करकरून. "सर, नळी घ्या. लाजू नका." खालून माणसं फोन उंच करून फोटो काढत होती. तांबडा रस्सा उत्तम झाला होता. हे मी द्वेषाने लिहितो आहे, पण झाला होता. मघाच्या त्या बाईने येऊन माझा डबा भरून दिला आणि म्हणाली, "आसं करू नगासा पुन्यांदा."

घरी आल्यावर शालनने डबा उघडून वास घेतला. "म्हणाला का चार माणसांत?"

"म्हणाला."

"मग तोंड असं का?"

मी हातपाय धुवायला गेलो. ती जेवायला बसली.

दिवाळीनंतर अभयसिंह आमच्या वॉर्डातून निवडून आला. समोरच्या उमेदवाराचं डिपॉझिट गेलं. पण तो आखाडाच्या दुसऱ्या दिवसापासूनच शब्दाला जागायला लागला होता. त्याने सॉफ्टवेअर बदलून घेतलं. आता ते खालचं नाव बदलून सगळीकडे माझं नाव टाकत होतं.

सगळीकडे. माझ्या लेखांखाली तर होतंच, पण त्यानं दहा ठिकाणांहून जे उचललं होतं त्याखालीही. कारखान्याच्या चेअरमनच्या वाढदिवसाची कविता, 'विकासाचा धगधगता निखारा', कवी अच्युत रेठरेकर. साप्ताहिक राशिभविष्य, अच्युत रेठरेकर. 'सुनेला वश करण्याचे सोपे मार्ग', अच्युत रेठरेकर. फोटो ट्रॉलीवरचा होता. मांडी घातलेली, डोळे मिटलेले आणि तोंडात नळी. सगळा तालुका वाचत होता.

मी फोन केला. "डांगे, माझं नाव काढ."

"सर, हे काय आता? नाव टाक म्हणून माझ्या कचेरीत येऊन तुम्हीच चहा सोडून गेला होता."

म्हणजे त्याने पाहिलं होतं.

"माझ्या लेखांवर टाक म्हणालो होतो. ह्या कचऱ्यावर नाही."

"आता बोलण्यात अर्थ नाही. 'जे जे येतं ते सगळं माझं आहे', असं माईकवर, लोकांसमोर, तुम्हीच म्हणालाय. व्हिडिओ हाय माझ्याकडं. मी नगरसेवक माणूस, ज्येष्ठ साहित्यिकाचा शब्द खोटा कसा पाडू?"

"मी पोलिसांत जाईन."

"जावा की. काय चोरीला गेलं म्हणून सांगणार?"

मी 'वाळवण' बंद केलं. त्यानं काही फरक पडला नाही. माझ्या नावावर रोज नवीन काही ना काही येतच राहिलं, मी लिहीत होतो त्याच्या कितीतरी पट. अनुराधाबाईंना मी पुन्हा लेख पाठवला नाही. त्यांनी मागितलाही नाही. चेअरमननी शाल आणि नारळ पाठवला, तो शालनने ठेवून घेतला. नारळाची चटणी केली.

एके दिवशी सकाळी दाराशी एक गृहस्थ आले. पांढरीशुभ्र टोपी, हातात छत्री. वळकुंडे म्हणून वरच्या गावचे, एसटी बदलून आले होते. चपला बाहेर काढून, अंग चोरून उंबऱ्याशी उभे राहिले.

"लेखक रेठरेकर आपणच ना?"

जन्मभर सदर लिहिलं, पण असं विचारत माझ्या दारात कुणी आलं नव्हतं. मी त्यांना आत घेतलं, खुर्ची दिली. ते खुर्चीत बसेनात, उभेच राहिले.

"तुमचं लिखाण आमच्या घरात सगळे वाचत्यात," ते म्हणाले. "लई आधार वाटतो. ते बद्धकोष्ठावर तुम्ही गुलकंदाचं लिहिलंय न्हवं?"

आतून शालन बाहेर आली आणि पदराला हात पुसत माझ्याकडे बघत राहिली.

"त्यात आमचं एक अडलंय," वळकुंडे म्हणाले. "गुलकंद सकाळी घ्यायचा का जेवल्यावर, ते काय समजलं नाही. म्हटलं, इचारायचं तर लिहिणाऱ्यालाच इचारावं."

मी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"सकाळी," मी म्हणालो. "उपाशीपोटी."